अकरा वेळा मोजलेलं सिलिंडर

१०.९२ मिलिमीटर जाडीची पोलादी पिन रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधल्या सहापैकी पाच खणांमध्ये स्वतःच्या वजनाने सरकत खाली गेली. चौथ्या खणाच्या तोंडाशी ती अडली. चंद्रहासांनी ती काढली, फडक्याने पुसली आणि पेटीतल्या तिच्या खाचेत ठेवली. मग १०.९१ ची, मग १०.९० ची, मग १०.८९ ची. कुठल्याच पिनेला त्यांनी जोर लावला नाही, नुसती तोंडाशी धरून सोडून दिली. १०.८८ ची तेवढी सावकाश आत उतरली. वहीत चौथ्या खणासमोर त्यांनी तो आकडा लिहिला आणि बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या विभावरीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"सापडला चोर," ते म्हणाले. "म्हणून शिसं चिकटतंय."

"हं," विभावरी म्हणाली.

हा चोर सप्टेंबरपासून अकराव्यांदा सापडत होता.

वही चौकटीच्या कागदाची होती. दर नोंदीला तारीख, गराजमधलं तापमान, आणि रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधल्या सहा खणांचे सहा आकडे. सप्टेंबरात तीनदा, ऑक्टोबरात सहा वेळा, नोव्हेंबर सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच दोनदा. तेच सिलिंडर आणि तेच सहा आकडे, शतांशापर्यंत. कुठल्याही पानावर मागच्या पानाचा उल्लेख नाही.

विभावरीने तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली होती, आधी पुण्यात औषधांच्या, मग इथे हॅमिल्टनमध्ये दुधाच्या. तिथे एकाच नमुन्याच्या दोन बाटल्यांना वेगळे नंबर लावून त्या एकाच माणसाकडे द्यायची पद्धत होती, म्हणजे पहिलं उत्तर आठवून दुसरं त्याच्याशी ओढून जुळवायचा मोह त्याला होत नाही. तपासणाऱ्याला मागचं आठवू नये म्हणून केवढी खटपट करावी लागायची. इथे कसलीच खटपट नव्हती. अकरा नोंदी, एकमेकींपासून अगदी स्वतंत्र, आणि एका आकड्यातही फरक नाही. चंद्रहासांचा हात पूर्ण शाबूत होता.

"तुला सांगतो असं का होतं," ते म्हणाले.

"सांगा."

"खणाचं तोंड बॅरलपेक्षा केसभर मोठं हवं. गोळी खणातून निघते, मग बॅरलमध्ये शिरते. बॅरल माझं दहा नव्वद असणार. पाच खण दहा ब्याण्णव, म्हणजे झकास, गोळी बॅरलमध्ये गच्च बसून जाते. पण हा चौथा तिला आधीच आवळून टाकतो. एकदा आवळलेलं शिसं पुन्हा फुगत नाही. मग बॅरलमध्ये ती सैल. बाजूने गरम वायू निसटतो, शिसं वितळतं, बॅरलला थापलं जातं. आपल्या लग्नात त्या कासाराने तुझा हात कसा आवळला होता? ढसाढसा रडली होतीस."

"रडले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं होतं."

"तेच ते. बांगडी चढल्यावर हात पुन्हा मोठा झाला. शिशाचं तसं नाही."

अकराही वेळा कासार आला होता आणि अकराही वेळा तिने आपण रडलो नव्हतो असं सांगितलं होतं.

चंद्रहास पिंपरीच्या एका टूलरूममध्ये घडलेले. बावीस वर्षांपूर्वी इथे आले, दूध काढायच्या यंत्रांच्या कारखान्यात लागले आणि तिथल्या फोरमनने त्यांना पिस्तूल क्लबात नेलं. नेमबाजी त्यांना बेताचीच जमायची. पण क्लबातले बरेच जण घरी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतत आणि मग कुरकुरत, की चार फैरी झाल्या की नेम बिघडतो. कुणी शिशाला दोष द्यायचं, कुणी साच्याला, कुणी दारूला. चंद्रहासांनी एकाचं रिव्हॉल्व्हर मोजलं आणि त्याचं बॅरल आणि सिलिंडर एकमेकांना साजेसंच नाही हे कागदावर मांडून दाखवलं. तेव्हापासून क्लबात एकच वाक्य, चॅन्ड्राला दाखव. कारखान्यात वीस वर्षं राहून जो मान मिळाला नाही तो त्यांना क्लबाच्या पत्र्याच्या शेडखाली मिळाला. निवृत्तीनंतर तर दुसरं काही उरलंच नव्हतं. रोटोटुना उपनगरातल्या त्यांच्या गल्लीत शेजारी भेटले तर हात हलवायचे, बस्स.

मार्चमध्ये एका रविवारी ते कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला म्हणून गाडी घेऊन गेले आणि दोन तासांनी जुन्या कारखान्याच्या बंद फाटकासमोर सापडले. "सवयीने आलो," ते हसत म्हणाले. विभावरीही हसली. त्या दिवसापासून गाडी ती चालवू लागली. कारण विचारलं तर तुमच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणायची. एप्रिलमध्ये तिने प्रयोगशाळेतलं उरलेलं दोन दिवसांचं काम सोडलं. मे महिन्यात खुर्ची गराजमध्ये आणून टाकली.

"शेवटी गोडी लागली म्हणायची," चंद्रहास तेव्हा म्हणाले होते. किती खूश झाले होते. वीस वर्षं ज्या छंदाकडे बायकोने ढुंकून पाहिलं नाही, त्यात ती आता रोज येऊन बसत होती. ते कामाच्या बाकाशी असले की ती खुर्चीत. ते झोपले की ती त्यांनी भरलेली काडतुसं प्रयोगशाळेच्या जुन्या तराजूवर एकेक तोलायची, कुणात दारू दोनदा पडली आहे का बघायला. तोलून पूर्ण खात्री होत नाही हे तिला माहीत होतं. काडतुसांच्या पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातच एकमेकींत तेवढा फरक असतो. शंका आली की ती ते काडतूस बागेतल्या हत्यारांच्या डब्यात तळाशी टाकायची.

सरळ उपाय म्हणजे रिव्हॉल्व्हर ठेवायच्या तिजोरीची किल्ली काढून घेणं. पण किल्ली तिच्याकडे असणं कायद्याने चालत नव्हतं. लायसन्स चंद्रहासांचं. बिनलायसन्सच्या माणसाच्या हाती किल्ली लागली तर गुन्हा त्यांचा. हे दोघांनी इतकं मनावर घेतलं होतं की वीस वर्षं एक रिवाजच पडला होता. तिजोरी उघडायची वेळ आली की ते म्हणायचे, "विभा, भिंत." आणि विभावरी उठून गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. किल्लीचा खुळखुळाट, दाराचा करकर आवाज, मग "हं, वळ." क्लबातल्या इतरांच्या बायकांना किल्ली कुठे असते ते पक्कं ठाऊक असायचं. विभावरीला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्या भिंतीवर रंगाचा एक ओघळ होता, तो मात्र तिला पाठ होता.

सोमवारी इरावतीचा फोन आला. इरावती त्यांची एकुलती एक मुलगी, ऑकलंडला अल्बनीत राहायची. गरोदरपणाचा चौतिसावा आठवडा होता आणि रक्तदाब वर चालला होता.

"आई, तू कधी येतेयस? एक्झॅक्ट डेट दे मला."

"येते गं. बाबांचं जरा बघून."

"बाबांचं काय बघायचंय? ते गराजमध्ये सुखी आहेत. फ्रीजमध्ये डबे ठेव आणि ये. इट्स नॉट रॉकेट सायन्स."

"त्यांना एकट्याला जेवायला आवडत नाही."

"सिरियसली? मी इथे आडवी पडलेय, आणि बाबांना कंपनी हवी म्हणून तू येत नाहीस?"

"तसं नाही, इरू."

"मग कसं?"

सांगितलं असतं तर रक्तदाब आणखी चढला असता. विभावरी म्हणाली, "शनिवारी क्लबाची मॅच आहे. ती होऊ दे."

"मॅच," इरावती म्हणाली, आणि फोन ठेवला.

विभावरीने काय काय केलं नव्हतं याची यादी लहान होती. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. लायसन्सच्या नूतनीकरणाचा अर्ज जुलैतच भरून गेला होता, त्यात डॉक्टरांचं नाव होतं. डॉक्टरांना सांगितलं की लायसन्स जाणार, लायसन्स गेलं की क्लब जाणार, आणि क्लब गेला की चॅन्ड्राला दाखव म्हणणारं कुणी राहणार नाही. एवढा मोठा निष्कर्ष काढायचा तर पुरावा भक्कम हवा, असं ती स्वतःला सांगत होती. अजून थोड्या नोंदी. पाच झाल्यावर तिने दहा ठरवल्या होत्या. आता अकरा झाल्या होत्या आणि ती मनात वीस म्हणत होती.

त्याच दुपारी नेव्हिल आला. नेव्हिल क्लबाचा रेंज ऑफिसर, फैरींवर देखरेख करणारा, पंचाहत्तरीचा, गुडघ्यापर्यंत मोजे चढवणारा. वारलेल्या एका सभासदाच्या रिव्हॉल्व्हरचं जादा सिलिंडर त्याने सप्टेंबरात चंद्रहासांना आणून दिलं होतं. चंद्रहासांच्या बॅरलला त्यांचं स्वतःचं आणि हे, या दोहोंपैकी कुठलं सिलिंडर जुळतं ते ठरायचं होतं.

"किया ओरा, चॅन्ड्रा. निकाल लागला का, की पोरगं अजून परीक्षेलाच बसलंय?"

"आत्ताच तर हातात घेतलंय, मेट. घाई करू नकोस."

"आत्ताच? वसंत संपत आला की."

"चांगलं काम पाहिजे की लवकर पाहिजे?"

"मला दोन्ही पाहिजे. म्हणून तर माझी बायको पळून गेली."

दोघं हसले. मग नेव्हिल कप ठेवायला स्वयंपाकघरात आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "तो ठीक आहे ना? गेल्या शनिवारीही मला हेच म्हणाला. आत्ताच हातात घेतलंय."

"टूलरूमची माणसं अशीच," विभावरी म्हणाली. "दहा वेळा तोच आकडा आल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत."

शब्द न् शब्द खरा होता, म्हणून नेव्हिलला पटला. "स्वीट ॲज, झकास," तो म्हणाला. "शनिवारी भेटूच. आणि गुरुवारी तुमच्याकडे लायसन्सवाली बाई येणार ना? ग्लेनिस. चांगली आहे. तुला दोन प्रश्न विचारेल, चहा पिईल, जाईल."

मंगळवारी सकाळी चंद्रहासांनी बॅरल मोजायला घेतलं. हे काम आतापर्यंत एकदाही झालं नव्हतं. दरवेळी ते सिलिंडरपाशीच पुन्हा सुरुवात करत. मऊ शिशाचा, बॅरलपेक्षा किंचित मोठा गोळा तेल लावून तोंडातून आत ठोकायचा, पितळी कांडीने ढकलत पलीकडून फडक्यावर पाडायचा आणि मग त्याचा व्यास मोजायचा. आतल्या खाचा त्याच्यावर जशाच्या तशा उमटतात. विभावरी खुर्चीत बसून बघत होती. गोळा ठोकून झाला. कांडी हातात घेतली. तेवढ्यात घरात फोन वाजला आणि ती उठली.

इरावती होती. कालच्याबद्दल सॉरी म्हणायचं होतं आणि बाबांशी बोलायचं होतं. विभावरीने दारातून हाक मारली. चंद्रहास आले, गराजमधल्या रबरी चपला, जँडल्स, पायरीवर काढून, हात साबणाने दोनदा धुऊन. शिशाचा हात घरात कशाला लावायचा नाही हा त्यांचाच नियम. नातवाला काय शिकवणार याच्यावर वीस मिनिटं बोलले. मग परत गेले, पाच मिनिटांत सगळं आवरून जेवायला आले. विभावरी तोवर वरण फोडणीला टाकत होती.

जेवून ते आडवे झाल्यावर ती गराजमध्ये गेली. बाक लखलखीत होता. रिव्हॉल्व्हर तिजोरीत गेलं होतं, कारण ते बाहेर ठेवून चंद्रहास कधीच जेवायला बसायचे नाहीत. वहीत आजची तारीख होती, तापमान होतं, 'बॅरल' हा शब्द होता आणि त्याच्यापुढे काही नव्हतं. तिने फडकं उलटं केलं. डबीत सकाळी दोन गोळे होते, आता एक होता. दुसरा बाकावर नव्हता, बाकाखाली नव्हता, केराच्या डब्यात नव्हता. पितळी कांडी तिने उजेडात धरली. तेलाचा माग टोकापासून सात सेंटिमीटरपर्यंत होता, आणि बॅरल पंधरा सेंटिमीटरचं होतं.

ती खुर्चीत बसली. शनिवारी सकाळी नऊला ते या बुजलेल्या नळीतून गोळी झाडणार होते. नळी फुटली असती. बाजूला नेव्हिल उभा असायचा, मागे ती स्वतः.

चार वाजता ते उठले. तिने चहा गराजमध्येच नेला.

"अहो, बॅरलमधलं शिसं बाहेर पडलं का?"

"कुठलं शिसं?"

"सकाळी ठोकलंत ते."

"सकाळी मी सिलिंडर बघत होतो. बॅरल उद्या घेणार आहे."

"तिजोरी उघडून एकदा बघता का?"

"का? बाई गुरुवारी यायची आहे. तू आजच तपासणी सुरू केलीस?"

"माझ्यासाठी बघा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "विभा, भिंत," ते म्हणाले, जरा चिडूनच.

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. किल्ली खुळखुळली. दार करकरलं. सिलिंडर बाजूला निघाल्याचा टक असा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. वळ असं त्यांनी म्हटलं नाही, पण ती वळली. त्यांनी बॅरल खिडकीच्या उजेडाकडे धरलं होतं आणि एक डोळा मिटून आत बघत होते. पलीकडून अंगठ्याचं नख लावून उजेड आत टाकायचा प्रयत्न चालला होता. मग त्यांनी कांडी आत घातली. ती सात सेंटिमीटरवर थांबली.

ते स्टुलावर बसले.

"हे मी केलं?"

"फोन आला ना मध्येच. इरूचा."

"फोन आला म्हणून काय झालं? पिंपरीत शंभर फोन यायचे." कांडी त्यांच्या हातात होती. "असं किती वेळा झालंय?"

वही त्यांच्या कोपराखाली उघडी पडली होती. एक पान मागे उलटलं असतं तर पुरे होतं.

"आजच," विभावरी म्हणाली.

"खरं सांग."

"पहिल्यांदाच, अहो. दिवसातून सहा वेळा मोबाइल कुठे ठेवला ते मलाही आठवत नाही."

मग उठून लाकडी हातोडीने कांडीवर बारीक ठोके देत त्यांनी गोळा बाहेर काढला, पुसला, मायक्रोमीटरमध्ये धरला, तीन ठिकाणी मोजला आणि वहीत लिहिला. १०.९०. रिव्हॉल्व्हर आत ठेवताना त्यांनी भिंत असं म्हटलं नाही. ती आपणहून वळली.

"उद्या मला आठवण कर," ते तिच्या पाठीशी म्हणाले. "शनिवारी जायचं की नाही ते आपण बसून ठरवू. मी विसरलो तर सांग मला. नक्की सांग."

"सांगते," ती ओघळाकडे बघत म्हणाली.

बुधवारी ते लवकर उठले. विभावरी गराजमध्ये गेली तेव्हा त्यांनी वही उघडली होती आणि चेहरा उजळला होता.

"बघ, बॅरल दहा नव्वदच निघालं. म्हटलं नव्हतं? कधी मोजलं कोण जाणे, पण अक्षर माझंच आहे." ते स्वतःशीच हसले. "शनिवारी नेव्हिलला कागद दाखवतो. माझं सिलिंडर बाद. त्याने आणलेलं बसवायचं. पाच खणांच्या भरवशावर रिव्हॉल्व्हर कोण चालवतो?"

"काल तुम्ही म्हणाला होतात..."

"काय म्हणालो होतो?"

त्यांनी मान वर करून पाहिलं. डोळे स्वच्छ होते, उत्सुक होते. काल संध्याकाळी स्टुलावर बसलेल्या माणसाने मागितलेली एकच गोष्ट आज या माणसाला द्यायची होती.

"पोहे करू की उपमा, ते," विभावरी म्हणाली.

"पोहे. आणि तू सांगायचं विसरलीस की काय म्हणून विचारतो, अल्बनीला कधी निघायचं? पोरगी वाट बघतेय."

गुरुवारी दहा वाजता ग्लेनिस आली. सत्तरीची, करड्या केसांची, आधी एका शाळेत नर्स होती. गराजमध्ये चंद्रहासांबरोबर तिने पाऊण तास घालवला. तिजोरी भिंतीला किती बोल्टांनी धरली आहे ते पाहिलं, काडतुसं वेगळी ठेवली आहेत ते पाहिलं, परवान्यांवरचे नंबर ताडून घेतले. चंद्रहासांनी तिला पिनांची पेटी दाखवली. कासारासकट सगळा पाठ तिला इंग्रजीत मिळाला, आणि ती खळखळून हसल्याचं विभावरीला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

मग ती आत आली, एकटीच. हीच पद्धत होती. बायकोशी वेगळं बोलायचं, नवऱ्याच्या कानांआड. चंद्रहास मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला पाणी घालायला गेले.

"किती नीटनेटका माणूस," ग्लेनिस म्हणाली. "इतकं व्यवस्थित गराज मी वर्षभरात पाहिलं नाही. बरं, प्रश्न तुम्हाला माहीतच असतील. तिजोरीची किल्ली कुठे असते ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही."

"छान. घरात कुणाचा राग, भांडण, दारू?"

"नाही."

"गेल्या काही दिवसांत त्यांच्या मनःस्थितीत काही बदल?"

"ते खूश असतात," विभावरी म्हणाली. हेही खरं होतं.

ग्लेनिसने फॉर्मवर खूण केली. दहा वर्षांपूर्वी याच टेबलाशी दुसरा एक अधिकारी बसला होता. तेव्हा सगळे प्रश्न चार मिनिटांत संपले होते आणि त्याने चकल्या बांधून नेल्या होत्या. आता शेवटचा प्रश्न उरला होता. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर असू नये असं वाटण्याजोगं तुम्हाला काही ठाऊक आहे का?

खिडकीतून चंद्रहास दिसत होते. नळी हातात धरून झाडाच्या बुंध्याभोवती ते शांतपणे पाणी फिरवत होते. आळं भरून वाहत होतं. त्या झाडाला त्यांनी सकाळी नाश्त्याआधीच पाणी घातलं होतं.

नाही म्हटलं तर शनिवार होता. शनिवारनंतर दुसरा शनिवार, आणि खुर्ची, आणि तराजू, आणि हत्यारांच्या डब्यातली काडतुसं, आणि अल्बनीला तिच्याशिवाय जन्मणारं मूल.

हो म्हणणंही फार सोपं होतं, हे तिला आत्ता कळलं. इथेच, इंग्रजीत, हळू आवाजात. ग्लेनिस लिहून घेईल. चार आठवड्यांनी एक पत्र येईल. चंद्रहास ते वाचून हबकतील, विचारतील, असं कोण बोललं माझ्याबद्दल? आणि विभावरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणेल, सरकारी माणसं, त्यांना काय कळतंय. ते विसरतील, पुन्हा पत्र वाचतील, पुन्हा विचारतील. अकरा वेळा, वीस वेळा. दरवेळी तिला तेच खोटं पहिल्यांदा बोलल्यासारखं बोलावं लागेल.

"मिसेस?" ग्लेनिस म्हणाली. पेन कागदावर थांबलं होतं.

"त्यांना आत बोलावते," विभावरी म्हणाली.

"त्याची गरज नाही. खरं तर तुम्ही वेगळं बोलावं अशीच अपेक्षा असते. तुम्हाला काही भीती वाटत असेल तर..."

"त्यांची भीती नाही वाटत. पण याचं उत्तर त्यांच्यासमोर द्यायचंय."

ग्लेनिसने तिच्याकडे नीट पाहिलं. नर्सची नजर होती. मग तिने मान हलवली.

विभावरीने मागचं दार उघडलं. "अहो, नळ बंद करा आणि आत या."

"झालं का पास?" चंद्रहास हात पुसत आले. जँडल्स त्यांनी दारात शेजारी शेजारी काढून ठेवल्या. "चकल्या दिल्यास का त्यांना? त्या दुसऱ्याने नेल्या होत्या."

"बसा."

"उभाच बरा आहे. काय झालं?"

"बसा, अहो."

ते बसले. ग्लेनिसकडे पाहून हसले, मग बायकोकडे पाहिलं, आणि हसू हळूहळू मावळलं. विभावरीने त्यांच्या समोरची खुर्ची ओढली. ग्लेनिसला कळणार नाही हे माहीत असूनही ती मराठीत बोलली. इंग्रजीतलं नंतर करता येणार होतं.

"परवा तुम्ही बॅरलमध्ये शिसं अडकवून रिव्हॉल्व्हर आत ठेवलंत. तुम्हाला ते आठवत नाही. आठवलं नाही तर सांग, असं तुम्हीच म्हणाला होतात, आणि मी काल सांगितलं नाही. सिलिंडर तुम्ही अकरा वेळा मोजलंयत. असलं सगळं मार्चपासून चाललंय आणि मी सगळ्यांपासून लपवतेय. तुमच्यापासूनसुद्धा."

टेबलावरचा त्यांचा हात अगदी स्थिर होता.

"आता मी या बाईंना सांगणार आहे," विभावरी म्हणाली, "की तुमचं लायसन्स पुढे चालू ठेवू नका, आणि रिव्हॉल्व्हर आजच्या आज घेऊन जा."